उजव्या ड्रमचे दाते

टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा पॉवर व्हॉल्व्ह बिघडला की गाडी बंद पडत नाही, आणि पंचाईत तिथेच आहे. किकला स्टार्ट होते, आयडलला नीट चालते, चढावर कुरकुर न करता ओढते. फक्त सहा हजार आरपीएमच्या पुढे जिथे ती सुसाट सुटायला हवी, तिथे सुटत नाही. आवाज वाढतो, वेग वाढत नाही. मग एकजण म्हणतो, "कार्ब साफ कर." दुसरा म्हणतो, "प्लग बदल." तिसरा चेन-स्प्रॉकेटकडे बोट दाखवतो. माझ्या गाडीचं असंच झालं. शेवटी सिलेंडरच्या बाजूचं कव्हर उघडलं, तर पॉवर व्हॉल्व्हच्या उजव्या ड्रमचे, म्हणजे एका फिरत्या दांड्याचे, दाते सपाट झाले होते. नवा ड्रम टाकला. काही दिवस गाडी झकास चालली आणि पुन्हा तेच. पुन्हा उजवाच. डावा ड्रम मात्र जसा होता तसा.

गाडी जपानी, २५० सीसी, वीसएक वर्षं जुनी. पुण्याच्या एका रेसिंगवाल्याकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असं करत चेंबूरला माझ्याकडे आली. मधली काही वर्षं ती एका शेडमध्ये नुसती उभी होती, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. नंबर प्लेट नाही, दिवे नाहीत, रस्त्यावर चालवायची नाहीच. छोट्या हत्तीत चढवायची, कर्जतच्या पुढे मित्राच्या जमिनीवर न्यायची आणि संध्याकाळी चिखलासकट परत आणायची, असा सगळा कारभार. त्यामुळे गाडी तिथे जाऊन अर्ध्या तासात रुसली की टेम्पोचं भाडंही अंगावर येतं.

ज्यांनी आरएक्स १०० किंवा येझदी उघडली आहे त्यांना टू-स्ट्रोक ठाऊक आहे, पण पॉवर व्हॉल्व्ह ठाऊक असेलच असं नाही, कारण त्या गाड्यांत तो नव्हता. ऐंशीच्या दशकातली राजदूत ३५० आठवून अजूनही लोक उसासे टाकतात, तिच्यातही नव्हता. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलेंडरच्या भिंतीत एक खिडकी असते, पिस्टन खाली आला की ती उघडते आणि वर गेला की बंद होते. ही खिडकी उंच कापली तर वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण खाली इंजिन मेलेलं वाटतं. बुटकी ठेवली तर खाली छान ओढते आणि वर धाप लागते. दोन्ही एकदम मिळत नाही. यावर यामाहाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी ग्रां प्री रेसिंगमध्ये उपाय काढला, तो असा की खिडकीची उंचीच चालत्या इंजिनात कमी-जास्त करायची. पुढे होंडाचा एटीएसी, कावासाकीचा किप्स, सुझुकीचा एईटीसी अशी प्रत्येकाची आपापली पद्धत आली. रोटॅक्सने तर एक्झॉस्टच्याच दाबावर पडदा हलवून व्हॉल्व्ह उघडायची युक्ती केली.

माझ्या गाडीत मधल्या खिडकीवर एक पातं आहे आणि दोन्ही बाजूंच्या छोट्या खिडक्यांत एकेक ड्रम. ड्रम म्हणजे बोटाएवढा ॲल्युमिनियमचा दांडा, त्याला मध्ये आरपार भोक. फिरला की भोक खिडकीसमोर येतं आणि वाट मोकळी होते. ड्रमच्या डोक्यावर दाते आहेत, आणि त्या दात्यांत अडकून एक पोलादी सळई मागे-पुढे सरकते. सळईला ढकलतो गव्हर्नर. तो क्लच कव्हरच्या आत बसलेला असतो, इंजिनवर फिरतो, आणि त्यातल्या पोलादी गोळ्या वेगाने बाहेर फेकल्या जातात. ना मोटर, ना वायर. या साधेपणावर माझा जीव आहे, पण त्यात एक गोम आहे. गोळ्यांचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. चार हजारांवर जेवढा असतो त्याच्या चौपट आठ हजारांवर. ड्रम अडकला असेल तर गव्हर्नरला त्याचं सोयरसुतक नाही, तो ढकलतच राहतो. पोलाद विरुद्ध ॲल्युमिनियम, त्यामुळे कोण हरणार हे ठरलेलंच.

दुसऱ्यांदा दाते गेले तेव्हा ड्रम फडक्यात गुंडाळून मी कुर्ल्याच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. काकांचं सगळं आयुष्य आरएक्स, येझदी आणि बजाजच्या स्कूटरवर गेलं. डर्ट बाइक त्यांच्याकडे वर्षाकाठी एखादी येते. पॉवर व्हॉल्व्हची त्यांना फार सवय नाही, पण तुटलेल्या वस्तूकडे बघायची आहे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ड्रम उजेडात धरला आणि म्हणाले, "अरे, दाते एकाच बाजूने वाकलेत बघ."

मी ते पाहिलं नव्हतं असं नाही, पण त्यातून निघणारा अर्थ त्यांनी काढला. सळई ड्रमला उघडते तेव्हा गव्हर्नरचा जोर असतो. बंद करते तेव्हा फक्त परतीच्या स्प्रिंगचा, आणि ती स्प्रिंग लेचीपेची असते, तिच्याने दाते तुटणार नाहीत. दाते उघडण्याच्या दिशेला वाकले होते. म्हणजे ड्रम बंद स्थितीत चिकटून बसला होता आणि वरून जोर आला. उघडा अडकला असता तर दाते शाबूत राहिले असते आणि गाडी खालच्या आरपीएमला लंगडली असती. आमची लंगडत होती वर.

"दाते कशाने तुटले ते कळलं," काका म्हणाले. "आता चिकटला कशाने ते शोध. नाहीतर दर महिन्याला ड्रम घेत बस."

ड्रम सहज मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो, आणि त्यावरची कस्टम ड्युटी बघून घरात कोणाला खरी किंमत सांगायची सोय राहत नाही.

जाता जाता एक सांगतो, कारण याने एखाद्याचं इंजिन वाचेल. तुटलेले दाते ॲल्युमिनियमचे असतात, लोहचुंबकाला चिकटत नाहीत. चुंबक फिरवून "काही नाही आत" असं समजून कव्हर लावू नका. मी सळईच्या भोकात आणि व्हॉल्व्हच्या खोबणीत रॉकेल सोडून ते पांढऱ्या कापडावर गाळलं, आणि कोपऱ्यातले तुकडे काडीच्या टोकाला ग्रीस लावून उचलले. तुटलेला दाता आणि कापडावरचा तुकडा जुळवून हिशेब पूर्ण झाल्यावरच पुढे गेलो.

तर चिकटला कशाने? ड्रमवर कार्बन होता, पण कोरडा काजळीसारखा नव्हता. ओला, तारा सुटणारा चिकटा होता. कोरडा कार्बन खरवडावा लागतो. हा रॉकेलच्या फडक्याने पुसला जात होता. म्हणजे न जळलेलं तेल. एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे एक्झॉस्टचा फुगीर पाइप, आणि सायलेन्सरच्या जोडावरूनही काळा ओघळ येत होता. टू-स्ट्रोकवाल्यांना हा ओघळ पाहून दोनच गोष्टी सुचतात, एकतर पेट्रोलमध्ये ऑइल जास्त, नाहीतर जेट, म्हणजे कार्बमधलं पेट्रोलचं भोक, मोठं. मीही तिथूनच सुरुवात केली, आणि ती सुरुवात चुकीची नाही. ते तपासणं स्वस्त असतं.

ऑइल आधी ३२ला १ होतं, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली. ते ४०ला १ केलं, लिटरला २५. ब्रँड बदलला, जासो या जपानी मानकाच्या एफडी ग्रेडचं घेतलं, कारण त्या ग्रेडला आतला भाग स्वच्छ ठेवण्याची परीक्षा एफसीपेक्षा कडक असते. काहींचा कॅस्टरवर, म्हणजे एरंडेलाच्या ऑइलवर, फार जीव असतो. वासाला माझाही आहे, पण पॉवर व्हॉल्व्हच्या गाडीत कॅस्टर चिकटा वाढवतं, म्हणून तो मोह टाळला. मग पायलट जेट एक नंबर लहान केला, सुई एक खाच खाली उतरवली. प्लगचा रंग सुधारला, गाडी खाली जास्त चपळ झाली. मन सुखावलं. पुढच्या वेळी कव्हर उघडलं तर डावा ड्रम खरोखरच आधीपेक्षा कोरडा होता. उजव्यावर तोच चिकटा.

या टप्प्यावर मी ड्रमवरच संशय घेतला. स्वस्तातला डुप्लिकेट असेल, धातू मऊ असेल. पण पहिला गेलेला ड्रम अस्सल होता. मग सळई वाकली आहे का पाहिलं, काचेवर ठेवून लोळवली, सरळ निघाली. ड्रम ज्या भोकात बसतो ते भोक ओव्हल झालंय का पाहिलं. सळईवर आणि ड्रमवर खुणेचे ठिपके असतात, ते एकमेकांसमोर आणूनच दाते जुळवायचे असतात. एक दाता इकडेतिकडे झाला तर ड्रम आपल्या मर्यादेला आधी आपटतो आणि जोर दात्यांवर येतो. ठिपके बरोबर जुळले होते. स्वच्छ पुसून, तेलाचा थेंब देऊन बसवला की ड्रम करंगळीने फिरत होता. म्हणजे जोडणीत दोष नव्हता. स्वच्छ असताना यंत्रणा निर्दोष होती आणि कोणीतरी ती सारखी घाण करत होतं.

मिस्त्रीकाकांना फोन करून हे सगळं सांगितलं. मागे हातोड्याचा आवाज चालू होता. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पेट्रोल दोन्ही ड्रमला सारखंच मिळतं ना? मग उजव्याला वेगळं काय मिळतंय?"

सिलेंडर एक, कार्ब एक, मिश्रण एक. दोष मिश्रणाचा असता तर दोन्ही ड्रम सारखेच बरबटले असते. उजव्या बाजूला काय आहे? क्लच. आणि क्लचच्या बाजूला गिअर ऑइल.

इथे टू-स्ट्रोकच्या पोटातली रचना सांगायला हवी. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकखाली, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याखाली, ऑइलच असतं, टू-स्ट्रोकमध्ये तसं नाही. क्रँकचा कप्पा पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाची वाट आहे. पिस्टन वर गेला की त्या कप्प्यात ओढ निर्माण होते आणि मिश्रण आत येतं. खाली आला की दाब येतो आणि मिश्रण बाजूच्या वाटांनी वर सिलेंडरमध्ये जातं. गिअरबॉक्स आणि क्लच शेजारच्या कप्प्यात, आपल्या वेगळ्या ऑइलमध्ये. दोन्ही कप्प्यांमध्ये क्रँकच्या दांड्याभोवती एक रबरी ऑइल सील असतं. डावीकडे मॅग्नेटोच्या बाजूला दुसरं. डावं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. उजवं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि पेट्रोलसोबत जळायला जातं. पूर्ण जळत मात्र नाही.

मग जुन्या गोष्टी आठवून जुळायला लागल्या. कर्जतला उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून खाली आलो आणि पुन्हा दिला की मागे पांढरट धुराचा एक लोट निघायचा. थ्रॉटल बंद आणि आरपीएम चढा, अशा वेळी क्रँकच्या कप्प्यातली ओढ सर्वात जास्त असते. सील जर गळत असेल तर तेव्हाच जास्त पिणार. रिझर्व्हमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, जास्त पडलं असेल, असं मागचा मित्र म्हणायचा आणि आम्ही हसायचो.

पहिली तपासणी फुकट होती. गिअर ऑइल पूर्ण काढलं, मोजपात्राने नेमकं ८०० मिली भरलं, आणि नंतर पुन्हा काढून मोजलं. सुमारे दीडशे मिली गायब. इतकं ऑइल बाहेर गळलं असतं तर दिसलं असतं. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, तो कोरडा. पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील कोरडं, गिअर लिव्हरचं सील कोरडं. निघालेलं ऑइल दुधाळ नव्हतं, म्हणजे वॉटर पंपाकडून कूलंट त्यात येत नव्हतं. रेडिएटरची पातळीही जागेवर. मग हे दीडशे मिली गेलं कुठे? एक्झॉस्टमधून, उजव्या ड्रमला वाटेत अभिषेक करत.

आता सील उघडण्याआधी खात्री हवी होती. यासाठी टू-स्ट्रोकवाले गळतीची चाचणी करतात. इंजिनची सगळी तोंडं बंद करायची, आत थोडा दाब द्यायचा आणि तो टिकतो का पाहायचं. थोडा म्हणजे किती, तर ०.४ बार. जास्त दिला तर चांगली सीलंच उचकटतात. ०.४ बार म्हणजे पाऱ्याचे सुमारे ३०० मिलिमीटर, आणि बरोब्बर तिथपर्यंत आकडे असलेलं एक यंत्र आमच्या कपाटात पडून होतं. बाबांचं काट्याचं बीपी मशीन. डिजिटल आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. बाबांनी विचारलं, "कोणाचं बीपी बघतोयस?" मी खरं सांगितलं. ते खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकूनच बसले.

एक्झॉस्टच्या तोंडावर लाकडी गुटका आणि ट्यूबचं रबर, वरून क्लिप. कार्बच्या रबरात दुसरा गुटका, त्यात नळी. पॉवर व्हॉल्व्हच्या कव्हरला खाली एक निचऱ्याची नळी असते, तीही बंद केली, नाहीतर हवा तिथूनच जाते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. प्लग घट्ट. गिअरबॉक्सच्या ब्रीदरची, म्हणजे हवा जायच्या तोंडाची, नळी पाण्याच्या ग्लासात सोडली. दाब क्रँकच्या कप्प्यात आहे, तो उजव्या सीलमधून गिअरबॉक्सकडे गळला तर ब्रीदरमधून बुडबुडे येणार. फुगा दाबत काटा ३०० वर नेला. सिलेंडरच्या बुडाशी, कार्बमागच्या रीड ब्लॉकभोवती साबणाचं पाणी लावलं.

काटा जवळजवळ हललाच नाही. काही मिनिटांत दहा मिलिमीटर, तेवढं चालतं. ग्लासात एकही बुडबुडा नाही. बाबा म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे की."

मी खट्टू होऊन काकांना फोन केला. ते म्हणाले, "दाबून बघितलंस. ओढून बघ."

यातली खुबी अशी की सीलचा ओठ क्रँकच्या कप्प्याकडे तोंड करून बसवलेला असतो. आतून दाब आला की तो ओठ दांड्यावर आणखी घट्ट बसतो. म्हणजे दाबाची चाचणी त्याला उलट मदतच करते. ओढ दिली की खरं कळतं. टू-स्ट्रोकचं सील रोज दोन्ही सहन करतं, त्यामुळे चाचणीही दोन्हीची हवी. बहुतेक लोक पहिली करून थांबतात.

ओढ द्यायला व्हॅक्यूम पंप हवा. तो आमच्याच बिल्डिंगमधल्या मित्राकडे आहे, त्याचा एसी दुरुस्तीचा धंदा आहे. त्याचा पंप एसीची नळी पूर्ण रिकामी करण्यासाठी असतो. तेवढी ओढ इंजिनला दिली तर सगळी सीलं आत येतील. म्हणून त्याने वाल्व जेमतेम उघडून गेजचा काटा पाऱ्याच्या दहा इंचांपाशी आणला आणि पंप बंद केला. दाबाच्या हिशेबात ही ओढ बीपी मशीनच्या ३०० च्या जराशीच खाली. काटा लगेच परत फिरायला लागला. पण मजा काट्यात नव्हती. ब्रीदरच्या पारदर्शक नळीत ग्लासातलं पाणी वर चढायला लागलं. मित्र ओरडला, "काढ, काढ, आत जाईल!" नळी ओढून काढली. पाणी वर का चढलं? क्रँकचा कप्पा गिअरबॉक्समधून हवा ओढत होता आणि गिअरबॉक्स ब्रीदरमधून. दुसरा कुठलाही रस्ता नव्हता. जिथून हवा जाते तिथून ऑइलही जातंच.

काकांकडे नेऊन क्लच कव्हर उघडलं. क्रँकच्या टोकावरच्या प्रायमरी गिअरची नट सोडवताना दोन गिअरांच्या दात्यांमध्ये ॲल्युमिनियमची जाड पट्टी धरली. पोलादी स्क्रू ड्रायव्हर कधीही घालू नका. काही गाड्यांत हे सील इंजिन दुभंगल्याशिवाय बदलता येतं, माझ्यातही येतं. मला वाटलं, दुपारपर्यंत काम आटोपेल. सील काढून हातात घेतलं तर ते मऊ, ओठ तलवारीसारखा सरळ, स्प्रिंग जागेवर. जवळपास नवं. म्हणजे माझ्या आधीच्या कोणीतरी ते बदललं होतं. चांगलं सील गळत होतं.

त्या क्षणी काकांनी प्रायमरी गिअर दोन्ही हातांनी धरला आणि वर-खाली हलवला. मग त्यांनी बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावायला सांगितला. क्रँकचा दांडा मिलिमीटरच्या जवळजवळ दहाव्या भागाइतका हलत होता. त्या मापाच्या नव्या बेअरिंगमध्ये हा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीन पट, एवढाच असतो. दांडा इतका नाचत असेल तर रबराचा ओठ प्रत्येक फेऱ्यात एका बाजूला दबतो आणि दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. नवं सील टाकलं असतं तर तेही असंच गळलं असतं, ड्रम पुन्हा चिकटला असता, दाते पुन्हा गेले असते.

मग इंजिन दुभंगणं आलंच. मेन बेअरिंग बाहेर काढून, धुऊन काकांनी त्याची वाटी उजेडात फिरवली. आतल्या पट्टीवर खालच्या बाजूला बारीक काळपट खड्डे होते, आणि ते सारख्या अंतरावर होते. गोळ्या ज्या अंतरावर बसतात त्याच अंतरावर. फिरत्या बेअरिंगची झीज अशी होत नाही, ती सगळीकडे पसरते. हे गंजाचे डाग होते, आणि ते पडले तेव्हा गोळ्या एकाच जागी थांबलेल्या होत्या. शेडमध्ये उभी असलेली वर्षं. आपल्याकडचे चार महिने पावसाळी हवा, क्रँकच्या कप्प्यात तळाशी साचलेला ओलावा, आणि वर कोणी किक मारणारं नाही. टू-स्ट्रोकचं मेन बेअरिंग आंघोळ करत नाही, पेट्रोलसोबत येणाऱ्या ऑइलच्या फवाऱ्यावर जगतं. इंजिन थांबलं की त्याचं संरक्षणही थांबतं.

बेअरिंग आणि सीलसाठी नागदेवी गाठली. मुंबईत औद्योगिक बेअरिंग घ्यायचं तर मशीद बंदरजवळची ही गल्ली सोडून दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही. जुनं बेअरिंग सोबत न्या, त्यावर कोरलेला पूर्ण नंबर वाचून दाखवा आणि शेवटचे दोन अक्षर-आकडे विसरू नका. माझ्यावर शेवटी सी ३ होतं. त्याचा अर्थ, आतला खेळ नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवलेला, कारण इंजिन तापलं की धातू फुगतो. पहिल्या दुकानदाराने सी ३ नसलेलं बेअरिंग पुढे केलं, "काय फरक नाय पडत भाऊ." फरक पडतो. थंड असताना छान फिरेल आणि गरम झाल्यावर आवळेल. दुसऱ्या दुकानात मिळालं. दोन्ही बाजूंची घेतली, सीलही दोन्ही बाजूंची.

बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीत, मटारांच्या शेजारी. सकाळी आईने पिशवी उघडून पाहिली आणि "हे भाजीत घालायचं की नुसतं खायचं?" एवढं विचारून बाजूला ठेवली. कुर्ल्यात काकांनी क्रँककेसचा अर्धा भाग विजेच्या शेगडीवर तापवला. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडतो, इतका. गार बेअरिंग वरून सोडलं, आणि ते हातोडीशिवाय आपोआप टक्क करून बसलं. हे पाहायला मी पुन्हा जाईन.

जोडणी झाल्यावर सगळ्यात आधी दाब आणि ओढ, दोन्ही चाचण्या पुन्हा केल्या. या वेळी दहा इंचांवरचा काटा तिथेच उभा राहिला, ब्रीदरच्या नळीत पाणी हललं नाही. मग नवा ड्रम, ठिपके जुळवून. पायलट जेट पुन्हा मूळ नंबरचा टाकावा लागला. गिअर ऑइलचा धूर नसल्यावर लहान जेट पातळ पडत होता.

कर्जतला दोन-चार फेऱ्या झाल्यानंतर कव्हर उघडलं. दोन्ही ड्रमवर पातळ, कोरडी, राखाडी काजळी, दोन्हींवर सारखी. गिअर ऑइल काढून मोजलं, ८०० भरलं होतं, तेवढंच निघालं, मोजपात्राला चिकटलेलं सोडून. आता पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना टाकी आणि कार्ब रिकामं करतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. प्लगच्या भोकातून थोडं टू-टी सोडून किक हळूहळू फिरवतो आणि महिन्यातून एकदा क्रँकची जागा बदलतो.

हे सगळं ऐकून ठाण्याच्या एका मित्राने सांगितलं की त्याच्याही गाडीचे दाते तुटले आहेत, म्हणजे त्याचंही सीलच असणार. त्याला म्हटलं, आधी गिअर ऑइल मोज. त्याचं ऑइल तंतोतंत होतं. चिकटा नव्हता, ड्रम कोरडा होता, आणि दाते दोन्ही ड्रमचे गेले होते. सळई काढून पाहिली तर आधीच्या मेकॅनिकने ठिपके न पाहता दोन्ही ड्रम एकेक दाता पुढे बसवले होते. त्याचं काम पार्किंगमध्येच तासाभरात झालं. बेअरिंगला हात लावावा लागला नाही.